नदीकाठी वाट हवी, ट्रॅक नको

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

हल्ली चिपळुणात चार माणसं चहाला जमली की विषय एकच, वाशिष्ठीच्या काठाने मस्त जॉगिंग ट्रॅक झाला पाहिजे, पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, रंगीत लाइट आणि शेवटी तो सेल्फी पॉइंट, तो तर हवाच. चालायला जागा पाहिजे हे शंभर टक्के मान्य, हायवेच्या कडेने डंपरचा धुरळा खात कोण चालणार. पण काठावर सिमेंट ओतू नका हो, एवढंच सांगायला हे पत्र.

२२ जुलै २०२१ आपण विसरलो का? त्या पुरानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढायला किती ओरडावं लागलं, निळी रेषा लाल रेषा या पूररेषांवरून किती वाद झाले, आणि आता त्याच काठावर भराव टाकून भिंत घालायची म्हणजे एका हाताने पात्र मोकळं करायचं आणि दुसऱ्या हाताने आवळायचं. बरं, ते पेव्हर टिकणार तरी किती? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पाणी एकदा चढून उतरलं की ब्लॉकखालची ग्रिट वाहून जाते, मग एकावर पाय ठेवला की दुसरा उचलतो आणि फटीतला चिखल पायजम्यावर. श्रावणात त्यावर जे शेवाळ धरतं त्यावरनं आमच्या वयाचा माणूस पडला तर थेट ऑपरेशनच.

वाटा आहेतच की आपल्याकडे. दोन गडग्यांच्या मधनं जाणाऱ्या पाणंदी, जांभ्याच्या पाखाड्या, गोवळकोटला करंजेश्वरीच्या देवळाकडे जाऊन पुढे धक्क्यावर किंवा दम असेल तर वर गोविंदगडावर. गडावरनं नदीचं वळण आणि खालचं कांदळवन दिसतं ते बघायला पुण्याची पोरं येतात, आपली पोरं जिममधे ट्रेडमिलवर. यातल्या बऱ्याच वाटा रानाने बुजल्यात, कुठे कोणी कंपाउंड दोन फूट पुढे घेतलंय, कुठे बाटल्यांचा खच. या साफ करा, ढासळलेल्या पायऱ्या जांभ्यानेच बसवा, करंजाच्या नाहीतर आंब्याच्या सावलीत चार बाकडी टाका. गुडघ्यांना माती बरी असते, डॉक्टरला विचारा. आणि एक स्वच्छतागृह, बायकांना सकाळी फिरायला जाताना काय अडचण होते ते ट्रॅकचा नकाशा काढणाऱ्यांना कधी सुचत नाही.

आता मगरी. २०२४ च्या पावसात चिंचनाक्याच्या रस्त्यावर मगर फिरत होती त्याचा व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला, आपण मात्र दोन दिवस फॉरवर्ड करून गप्प. ओहोटीला मळीवर, म्हणजे काठच्या गाळावर, त्या ऊन खात पडलेल्या असतात, लांबनं बघाल तर ओंडकाच वाटेल. उन्हाळ्यात काठाच्या मातीतच खड्डा करून अंडी घालतात आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात, त्या मातीवर काँक्रीट केलं तर त्या जागा शोधत कुठे जातील याचा विचार करा. म्हणून वाट पाण्यापासून चांगली लांब हवी, पाण्यात उतरणाऱ्या शोभेच्या पायऱ्या तर अजिबातच नकोत, आणि लाइटचा झगझगाट पण नको, संध्याकाळी सातनंतर तिकडे कुणी जाऊच नये.

पैसे खर्च करायचेच असतील तर वाटेच्या तोंडाला एक मोठा फळा लावा. आपली नदी मे महिन्यात पण वाहते कारण कोयनेच्या वीजघरांचं पाणी कोळकेवाडीवरून तिच्यात येतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पाणी वाढतं, आणि खालनं भरती गोवळकोटपर्यंत चढते ती वेगळीच. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे अष्टमीला साधारण सहा, खाडीत आत यायला थोडा उशीर धरायचा. नव्या पोरांना तिथीच माहीत नाही, तर त्यांना हिशोब कुठनं येणार. तेव्हा त्या फळ्यावर रोजची भरती-ओहोटीची वेळ, उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती) ते, आणि वरनं पाणी कधी सुटणार ते खडूने लिहायचं, त्यासाठी एक माणूस नेमला तरी बास. खडूचे पैसे आम्ही रोज फिरायला जाणारे वर्गणी काढून देऊ.

आपला,
एक वाचक, गोवळकोट रोड, चिपळूण