नवे शिकण्यासाठी कामाच्या वेळेतच जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा सुरू झाल्यापासून ‘नोकरीत टिकायचे असेल तर स्वतःला बदलत राहा’ हा उपदेश विशीतल्या उमेदवाराला आणि पन्नाशीतल्या कामगाराला सारख्याच सहजपणे केला जातो. उपदेश खोटा नाही. परंतु बदलण्याची सगळी जबाबदारी आणि त्याचा सगळा खर्च कामगाराच्याच माथी मारला जातो, यावर माझा आक्षेप आहे. माझी सगळी नोकरी छापखान्यांत झाल्यामुळे त्या व्यवसायाच्या आधारेच मी हे मांडतो.

खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवणारा कामगार उभ्याने काम करी, उलटी अक्षरे सुलट्यासारखी वाची आणि जोडाक्षरांमुळे पेटीच्या काही शे घरांत विखुरलेले खिळे न पाहता उचली. ऑफसेट छपाई आणि डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून पाने लावण्याची पद्धत, आल्यावर, साधारण १९९० च्या आसपास, हे हस्तकौशल्य थोड्याच वर्षांत निरुपयोगी ठरले. मात्र ऱ्हस्व-दीर्घाची जाण, ओळीत शब्द कुठे तोडावा याचा विवेक, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेची नजर हे सारे त्याच्याकडे शिल्लक होते आणि नव्या यंत्रालाही त्याचीच गरज होती. मी पाहिलेल्या छापखान्यांपैकी ज्यांनी जुन्या जुळाऱ्यांना संगणकासमोर बसू दिले, तिथे त्यांच्यातूनच उत्तम मांडणीकार आणि मुद्रितशोधक तयार झाले. जिथे त्यांना बाइंडिंगच्या टेबलावर धाडून केवळ टंकलेखनाचा वेग पाहून नवी मुले घेतली गेली, तिथे पुस्तकांतील चुका वाढल्या आणि अनुभवी माणसे आपण आता कुचकामी झालो, असे मानून खचली. दोन्हीकडच्या माणसांच्या जिद्दीत मला फरक दिसला नव्हता. फरक संधीचा होता.

पुढे युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरांसाठी एकच सामायिक संकेतप्रणाली, रुजू लागल्यावर पुन्हा एकदा सगळ्यांना हात बदलावा लागला. जुन्या टंकलेखन यंत्राच्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर उमटवायचे, तर युनिकोडसोबत वापरात आलेल्या इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कळफलकावर व्यंजन आधी. रफार पूर्वी अक्षरानंतर द्यायचा, तो आता अक्षराच्या आधी. वर्षानुवर्षांची बोटांची सवय मोडणे किती जिकिरीचे असते, हे ज्याने केले त्यालाच कळते. तरीही पहिल्या बदलातून तावूनसुलाखून निघालेले सहकारी या वेळी फारसे घाबरले नाहीत, कारण आपल्याला शिकता येते हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक झाले होते. हा आत्मविश्वास भाषणांनी येत नाही, पोटाची चिंता न करता एकदा काही शिकायला मिळाले म्हणजे येतो.

खिळे घासण्याच्या कामापासून सुरुवात करून १८६४ मध्ये टाइप फाउंड्री (खिळे ओतण्याचा कारखाना) आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभारणारे जावजी दादाजी यांचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. त्यांची चिकाटी वादातीत आहे. पण छपाईचे अंगोपांग जवळून पाहायला आणि हाताळायला त्यांना नोकरीतच मिळाले होते, ही बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने नवख्याला शिकतानाही विद्यावेतन मिळण्याची सोय केली. चाळिशीत ज्याचे काम बदलते, त्याच्यासाठी त्या कायद्यात तशी हक्काची सोय नाही. २००१ पासून चाललेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने असंख्य लोकांची संगणकाची भीती घालवली, हे मान्यच आहे. पण सर्वसाधारण संगणक-साक्षरता वेगळी आणि आपल्या धंद्यातले पुढचे पाऊल वेगळे.

म्हणून माझी सूचना अशी की, पगारी वेळेतले काही तास दर आठवड्याला शिकण्यासाठी राखून ठेवणे मालकांवर बंधनकारक करावे, आणि लहान आस्थापनांना त्यासाठी राज्य सरकारने अर्थसाहाय्य द्यावे. अंगमेहनतीच्या आणि कारागिरीच्या प्रत्येक व्यवसायासाठी नोकरदारांना झेपतील असे छोटे अभ्यासक्रम मराठीतून तयार करण्याचे काम १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे सोपवता येईल, कारण नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांशी त्याचा जुना संबंध आहे. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मुद्रितशोधक आणि पानांची मांडणी करणारे यांच्यापुढे हा प्रश्न आजच उभा आहे. तेव्हा आपल्यासारख्या दैनिकांनी सरकारी आदेशाची वाट न पाहता आपल्या कचेरीपासून ही सुरुवात करावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

— एक निवृत्त मुद्रितशोधक, कोल्हापूर