जुलैमधे होडी कुठून आणायची हो, संपादकसाहेब?

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी वीकेंडचं पानभर आलं होतं, दोन दिवसांत सिंधुदुर्ग की असंच काहीतरी. शनिवारी आंबोलीचा धबधबा, रविवारी सकाळी मालवणला स्कूबा, मग होडीने किल्ला, संध्याकाळी वेंगुर्ल्याला सनसेट आणि रात्री निघून सोमवारी ऑफिसात हजर. फोटो एक नंबर होते, खोटं कशाला बोलू. तर ते पान माझ्या पुण्याच्या पुतण्याने कापून पाकिटात ठेवलं आणि गेल्या शुक्रवारी रात्री बायको आणि दोन मुलांना गाडीत घालून निघाला, मला फोन केला तो थेट आजऱ्याहून, सकाळी साडेसहाला. "काकू, आम्ही येतोय, सगळं प्लॅन केलंय, तू काही करू नकोस." मी आपले पोहे भिजवायला घेतले.

साडेसहाला आजऱ्यात असलेला माणूस नऊ-साडेनऊला सावंतवाडीत माझ्या घरी पोचायला हरकत नव्हती. पोचले दीड वाजता. कारण अर्थातच शनिवारचा आंबोलीचा मेन धबधबा. तिथे रस्त्याच्या कडेलाच पायऱ्या आहेत आणि पाणी त्या पायऱ्यांवरूनच खाली येतं, त्यामुळे गाडीतून उतरलं की दोन मिनिटांत माणूस भिजलेला, म्हणून सगळे तिथेच थांबतात, अर्धा घाट तिथेच थांबतो. मुलं सांगत होती की गाडीच्या टपावर माकड बसलं होतं आणि पुढच्या गाडीतले काका त्याला कुरकुरे देत होते. माकडांना रस्त्यावर खायला घालू नका असं जागोजागी लिहिलंय तरी घालतात, मग ती माकडं रस्त्यावरच बसायला शिकतात आणि गाडीखाली येतात, असो, हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळं पत्र लिहीन.

खरी गंमत रविवारी झाली. मी शनिवारी रात्रीच सांगितलं होतं, अरे बाबा मालवणात आत्ता काही मिळायचं नाही, प्रवासी होड्या मे महिन्याच्या शेवटी बंद होतात ते ऑगस्ट संपेपर्यंत, स्कूबाही बंद, यांत्रिक मासेमारीसुद्धा जून-जुलै बंदच असते. आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं हे. पण पेपरात छापून आलंय म्हटल्यावर काकूचं कोण ऐकतो! सकाळी सातला निघाले, साठेक किलोमीटर, धो धो पाऊस, मीही गेले सोबत, म्हटलं बघू तरी काय होतं. धाकटीने पोहण्याचा चष्मा घरूनच डोक्यावर चढवला होता. मालवणच्या जेटीवर कुत्रं नव्हतं. समोर कुरटे बेटावर किल्ला पावसाच्या पडद्याआड अर्धा दिसतोय अर्धा नाही, लाटा तटावर फुटतायत, आणि टपरीवर चहा गाळत असलेले एक आजोबा आमच्याकडे बघून हसले, "आता खयची होडी ओ? नारळी पुनवेक येवा." धाकटीने तिथेच भोकाड पसरलं. पुतण्याने पाकिटातून तुमचं कात्रण काढून आजोबांना दाखवलं, जसं काही ते वाचून आजोबा समुद्र शांत करून देणार होते.

आता चूक कोणाची? पुतण्याची आहेच, शिकलेला माणूस, फोन करून विचारता येतं. पण तुमचीही आहे. तुमच्या लेखात एकाही जागेपुढे महिना नव्हता. आणि आमच्या या भागात महिना हाच खरा पत्ता आहे हो. आंबोली साधारण सातशे मीटर उंचीवर, तिथून घाट उतरलात की तीसेक किलोमीटरवर सावंतवाडी, अजून तेवढंच गेलात की वेंगुर्ल्याचा समुद्र. दोन तासांत डोंगरावरून वाळूत. म्हणूनच लिहिणाऱ्यांना वाटतं की दोन्ही एकाच दिवसात करता येईल, आणि अंतर बघितलं तर येतंही. पण ज्या वाऱ्याने आंबोलीत वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तोच वारा खाली समुद्र खवळवून ठेवतो. तोच ढग आहे तो. समुद्रावरून येतो, सह्याद्रीला आपटतो, वर चढतो आणि आंबोलीवर रिकामा होतो, त्याच्या पलीकडे गडहिंग्लजला जाल तर छत्री मिटून फिराल. म्हणजे धबधबा जोरात असला की होडी बंद आणि होडी चालू झाली की थोड्याच दिवसांत धबधबा बारीक. दोन्हीचे फोटो एकाच पानावर शेजारी शेजारी छापायचे तर मधे सहा महिन्यांची रेघ मारायला हवी.

मग मी म्हटलं आता दोन दिवस माझं ऐका. पुतण्याने बॉसला मेसेज टाकला, घाटात दरड वगैरे (दरड नव्हती, पण पुण्यात बसून कोणाला कळतंय).

मालवणहून परत येऊन जेवलो आणि मोती तलावाच्या काठाने राजवाड्यात गेलो. तुमच्या अख्ख्या लेखात सावंतवाडीवर अर्धी ओळ होती, "लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध". बस्स. अहो पावसाळ्यात यासारखी जागा नाही, डोक्यावर छप्पर आहे हा मोठा मुद्दा. तिथे गंजिफा बघायला मिळतात, गोल पत्ते, हाताने रंगवलेले, लाखेचं काम. ही कला मरायला टेकली होती ती इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून जगवली. दशावतारी गंजिफाचा एक जोड म्हणजे १२० पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, त्यात एक राजा एक प्रधान आणि बाकी एक ते दहा. मोठा मुलगा यूनो खेळणारा, त्याला मी सांगितलं की दिवसा खेळायला बसलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी आणि रात्री बसलात तर कृष्णाचा. हे त्याला एवढं आवडलं की संध्याकाळी सात वाजता लाइट लावून, पडदे ओढून, आत्ता दिवस का रात्र यावर बहिणीशी भांडण झालं. स्कूबा विसरली दोघं.

चितार आळीत मग खेळणी बघितली. लाकडी फळं, आंबा काजू फणस, पाट, चौरंग, ठकी म्हणजे लाकडी बाहुली. पूर्वी पांगाऱ्याचं लाकूड वापरायचे, हलकं आणि मऊ, कोरायला सोपं. दुकानात गर्दी नव्हती त्यामुळे दुकानदाराने मुलांना निवांत दाखवलं, मे महिन्यात गेलात तर तुम्हाला फक्त किंमत सांगतील. एवढंच सांगते की प्लास्टिकची पण खेळणी ठेवतात आजकाल शेजारीच, बघून घ्या.

सोमवारी सकाळी आरवली. शिरोडा रस्त्यावर वेतोबाचं देऊळ आहे, नवसाला केळ्यांचा घड आणि चपला देतात, चपला म्हणजे साध्या नव्हेत, देवाच्या मापाच्या, मुलाने आपला अख्खा हात कोपरापर्यंत एकावर ठेवून बघितला तरी पुरला नाही. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, असं आमच्या आजीने आम्हाला सांगितलं होतं, तेच मी त्यांना सांगितलं. पुढे शिरोडा. वि. स. खांडेकर इथल्या शाळेत मास्तर होते, १९२० पासून १९३८ पर्यंत, ज्ञानपीठ मिळवणारा पहिला मराठी माणूस आमच्या या चिखलातून शाळेत जायचा हे सांगताना मला अजून बरं वाटतं (मी पण मास्तरीणच होते ना). आणि इथेच १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरं आत्ता पाण्याखाली असतात, बघण्यासारखं म्हणजे नुसते बांध आणि बगळे, पण मीठ उन्हाळ्यातच का होतं, सत्याग्रह मे महिन्यातच का झाला, हे पोरांना तिथे पावसात उभं राहून एका मिनिटात कळलं. समुद्र लांबूनच बघितला. लाल बावटा असो नसो, जुलैत पाण्यात पाय घालायचा नाही, दरवर्षी कोणीतरी बाहेरून आलेला जातो, आणि ती बातमी तुम्हीच छापता, आतल्या पानावर.

रेडीच्या गणपतीला नाही गेलो, जवळच होतं, खाणीत १९७६ साली सापडलेली मोठी द्विभुज मूर्ती आहे, पण पुतण्याची बायको म्हणाली काकू एक दिवसात एकच देऊळ. शहाणी आहे ती.

दुपारी जेवून पुन्हा वर आंबोली, पण आता सोमवार. तोच मेन धबधबा, तीच पायरी, मोजून सहा माणसं. मुलं मनसोक्त भिजली. महादेवगड पॉइंटवर गेलो तर धुकं एवढं की आम्हाला एकूण दिसलं ते पांढरं, फक्त पांढरं, कठडासुद्धा हाताला लागला तेव्हा कळला. तरी मुलांना मजा वाटली. कावळेसादला मात्र वारा होता, दरीतलं पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर येऊन तोंडावर बसतं ते झालं एकदा, धाकटीने लगेच चष्मा काढून लावला. शेवटी उपयोगात आला.

हिरण्यकेशीला शांतता होती. गुहेतून पाणी येतं, तिथेच शंकराचं देऊळ, आणि हीच नदी पुढे आजऱ्याकडून कर्नाटकात जाऊन घटप्रभेला मिळते, म्हणजे इथल्या पावसातला थोडा समुद्राकडे पाठ करून उलट्या दिशेला बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. इथल्या पाण्यात बोटाएवढा एक मासा आहे, २०२० मधे शास्त्रज्ञांनी नवीन जात म्हणून नोंदवला, नदीचंच नाव दिलं, आणि २०२१ ला सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तुमच्या लेखात इथे "कुंडात डुंबण्याचा आनंद घ्या" असं लिहिलं होतं. कृपा करून असलं लिहू नका. साबण, शाम्पू, बिस्किटाचे कागद, सगळं त्याच पाण्यात जातं.

रात्री तिथेच राहिलो आणि गावातल्या एका माहितगार मुलासोबत टॉर्च घेऊन दोन तास फिरलो. मी साठी ओलांडलेली, गुडघे दुखतात, तरी गेले, आणि सांगते, धबधबा त्यापुढे काहीच नाही. हिरवागार मलबार चापडा, विषारी साप, फांदीवर वेटोळं करून बसलेला, हात लावाल तर दवाखाना. उड्या मारत तरंगत जाणारा मोठा हिरवा बेडूक. आणि कातळावर चिखलाच्या रंगाचा, पिवळे पट्टे असलेला एक छोटासा भेक, आंबोली टोड म्हणतात त्याला, २००९ साली वेगळी जात म्हणून ओळखला गेला, नामशेष व्हायच्या अगदी काठावर असलेल्यांच्या यादीत आहे. तो कातळ नेमका कुठे ते मी इथे लिहिणार नाही, तुम्ही छापाल आणि पुढच्या शनिवारी तिथे पार्किंग होईल. त्या मुलाने आम्हाला फ्लॅश मारू दिला नाही, उचलू दिला नाही, रस्त्यावर टॉर्च खाली धरून चाला म्हणाला कारण रात्री बेडूक डांबरावर येतात. शनिवारी घाटात ज्या गाड्या अडकल्या होत्या त्यांच्या चाकांखाली काय काय गेलं असेल हा विचार तेव्हा आला.

आता माझं म्हणणं एवढंच की पुरवणीत मालवण जरूर छापा, पण नोव्हेंबरमधे छापा. सिंधुदुर्ग किल्ला १६६४ मधे महाराजांनी बांधायला घेतला, तीन वर्षं लागली, आणि २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेला, तो बघायला अर्धा दिवस द्या, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, शिवराजेश्वराचं मंदिर आहे, होडी, फोटो, परत असं वीस मिनिटांत उरकू नका. फेब्रुवारी-मार्चमधे वायंगणीला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ते छापा. काजू बघायचा तर मार्च-एप्रिल, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती कोकणभर लावल्यात, ओल्या काजूची उसळ तेव्हाच मिळते, हॉटेलात बारा महिने मिळते ती भिजवलेल्या सुक्याची असते, चव सांगते. आणि पावसाळ्याचं छापायचं तर आंबोली छापा पण मंगळवार-बुधवार लिहा, आणि खाली ठळक अक्षरात लिहा की समुद्र बंद आहे. दुरुस्ती या रविवारीच आली तर बरं, कारण कालही मोती तलावाजवळ एक कुटुंब मला विचारत होतं, आजी, मालवणला स्कूबाचं बुकिंग कुठे करतात. त्यांच्या हातात कात्रण नव्हतं, मोबाइलवर तुमच्याच पानाचा फोटो होता.

पुतण्या मंगळवारी सकाळी आंबोलीहूनच परत गेला. नोव्हेंबरमधे येतोय म्हणाला, या वेळी मला आधी विचारून. कात्रण माझ्या फ्रिजवर चिकटवून गेलाय, धाकटीने त्यातल्या होडीवर लाल स्केचपेनने मोठी फुली मारलीय.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सावंतवाडी