पहिलं मत, टपालाने

बेंडिगो,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, पाडव्याला फोनवर तुम्ही विचारलंत, "काय गं, तुझ्या नगरपालिकेचा निकाल लागला का?" तेव्हा मोजणी चालू होती आणि सान्वी हातातला फोन ओढत होती, म्हणून नीट सांगता आलं नाही. आता निकाल जाहीर झालेत आणि आज मला सुट्टी आहे, तर सगळं सविस्तर लिहिते. कागदावर असलं की तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचता, हे मला माहीत आहे.

गेल्या वर्षी मी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात. मी काही म्हणाले नाही, कारण मलाही ते सोपं गेलं नव्हतं. आपला पासपोर्ट परत करावा लागला आणि त्याबरोबर तिथला मतदानाचा हक्कही गेला. पण एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. नागरिकत्वाचा समारंभ इथली कौन्सिल, म्हणजे आपली नगरपालिका असते तशी संस्था, करते. शपथ झाल्यावर प्रमाणपत्र हातात मिळतं तेही कौन्सिलकडूनच. त्यामुळे माझं पहिलं मत याच कौन्सिलसाठी पडावं, हे मला फार बरं वाटलं.

इथे मतदान केंद्र नव्हतं. व्हिक्टोरिया राज्यात यंदा सगळ्या कौन्सिलांची निवडणूक टपालानेच झाली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मतपत्रिकेचा लिफाफा पत्रपेटीत आला. त्यात मतपत्रिका, उमेदवारांचे फोटो आणि प्रत्येकाचं छोटंसं निवेदन. चिन्ह नाही, पक्षाचं नावही नाही. नुसती माणसांची नावं, तीसुद्धा चिठ्ठ्या काढून ठरवलेल्या क्रमाने. मी ती निवेदनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसले. निनाद म्हणाला, बारावीच्या पेपरालाही तू इतका वेळ लावला नसशील. पण मी सगळी वाचली. कोण वाचनालयाबद्दल बोलतंय, कोणाला नव्या वस्तीतल्या फुटपाथची काळजी आहे, कोण नुसतं 'बदल हवा' म्हणून थांबतंय, ते वाचताना कळत जातं.

मत कसं द्यायचं ते तुम्हाला लगेच समजेल, बाबा. २०२० च्या डिसेंबरात तुम्ही पुणे पदवीधरचं मतदान करून आलात आणि जांभळ्या पेनाने पसंतीचे आकडे कसे टाकले ते मला फोनवर सांगत होतात. तसंच इथे. फरक एवढाच की तिथे एक पसंती देऊन थांबता येतं, इथे प्रत्येक नावासमोर आकडा टाकावाच लागतो. एक चौकोन रिकामा राहिला तरी मत बाद होण्याची भीती. मी आधी साध्या कागदावर लिहून पाहिलं, मग मतपत्रिकेवर उतरवलं. मतपत्रिका लिफाफ्यात घालून तो बंद केला. लिफाफ्याला एक पट्टी असते, तिच्यावर नाव, जन्मतारीख, सही. मोजणीच्या वेळी पट्टी तपासून फाडतात आणि मगच लिफाफा उघडतात, म्हणजे कोणाचं मत कोणाला गेलं ते कळत नाही. सान्वीला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीत तो लिफाफा टाकला. तिला वाटलं आजोबांना पत्र चाललंय.

शुक्रवारी २५ तारखेला संध्याकाळी सहाला मतदान संपलं. पण त्याआधी टाकलेली मतं १ नोव्हेंबरपर्यंत पोचली तरी धरतात. म्हणजे तुमच्याकडे लक्ष्मीपूजन होतं त्या दिवशीही इथे मतांच्या पिशव्या येत होत्या. मतदान न करणाऱ्याला दंड असतो, यंदा तो ९९ डॉलर होता. सक्ती आवडत नाही असं म्हणणारे इथेही भेटतात. मला मात्र ती पटली. रात्रपाळी करणारी नर्स असो की शेतावरचा म्हातारा, सगळ्यांकडे लिफाफा जातो आणि सगळ्यांना तो उघडावा लागतो.

आता निकाल. बेंडिगोची कौन्सिल नऊ जणांची. आत्तापर्यंत तीन मोठे वॉर्ड होते आणि प्रत्येकातून तीन नगरसेवक. यंदा कायद्याप्रमाणे नऊ छोटे वॉर्ड केले, एकाला एक नगरसेवक. हे वाचताना मला आपला प्रभाग आठवला. २०१६ ला आपल्याकडे एका प्रभागात दोन नगरसेवक होते आणि गटार तुंबलं की एक म्हणायचा त्याच्याकडे जा, दुसरा म्हणायचा याच्याकडे जा. आईने शेवटी दोघांना एकाच दिवशी चहाला बोलावलं होतं! आता इथे माझ्या वॉर्डाला एकच माणूस आहे. कचऱ्याचा डबा, फुटपाथ, वाचनालय, बागा, बांधकामाची परवानगी, बाळाला तपासायला येणारी नर्स, एवढी सगळी कामं कौन्सिलकडे आणि त्याबद्दल विचारायला एक नाव. सान्वी झाली तेव्हा घरी येऊन तिचं वजन करणारी, मी रडले तेव्हा अर्धा तास थांबलेली ती बाई कौन्सिलकडूनच आली होती, हे मी आईला सांगितलं होतं ना?

नऊ जणांत बहुतेक चेहरे नवे आहेत. आधीच्या मेयर अँड्रिया मेटकाफ पुन्हा निवडून आल्या. आणि बाबा, दोन नावं वाचून मी निनादला हाक मारली: अभिषेक अवस्थी आणि शिवाली चॅटली. दोघे भारतीय वंशाचे. सव्वा लाख वस्तीच्या, मेलबर्नपासून दीडशे किलोमीटर आत असलेल्या या गावात नवांपैकी दोन. शहरात असं झालं असतं तर मला इतकं वाटलं नसतं.

का वाटलं ते सांगते. हे गाव १८५१ च्या सोन्याच्या शोधातून मोठं झालं. तेव्हा चिनी लोक हजारोंनी इथे आले, त्यांचा ड्रॅगन आजही ईस्टरच्या मिरवणुकीत नाचतो आणि सगळं गाव रस्त्यावर येतं. परक्याला आपलंसं करायची सवय गावाला जुनी आहे, पण ती सगळ्यांच्या अंगी सारखी नाही. २०१४ मध्ये कौन्सिलने मशिदीला परवानगी दिली तेव्हा बाहेरून माणसं आणून मोर्चे काढले गेले. २०१५ मध्ये तर गोंधळामुळे कौन्सिलची सभा अर्ध्यावर बंद करावी लागली आणि नगरसेवकांना पोलिसांच्या बंदोबस्तात बाहेर काढावं लागलं. प्रकरण थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०१६ मध्ये तिथे विरोधकांचा अर्ज फेटाळला गेला आणि परवानगी टिकली. माझ्याबरोबर काम करणारी एक वयस्कर बाई त्या सभेला हजर होती. ती अजून सांगते, त्या रात्री मला माझ्याच गावाची भीती वाटली. त्याच कौन्सिलच्या खुर्च्यांवर नऊ वर्षांनी अवस्थी आणि चॅटली बसणार आहेत. निकालाची यादी बघून तिने मला मिठी मारली. मी त्यांच्या वॉर्डातलीही नाही, पण तिला कोणाचं तरी अभिनंदन करायचं होतं.

मेयर अजून ठरायचा आहे. इथे तो लोक थेट निवडत नाहीत, हे नऊ जण आपसांत ठरवतील, एका वर्षासाठी किंवा दोन. आपल्याकडे नगराध्यक्ष कधी लोकांतून, कधी नगरसेवकांतून, असं सरकार बदललं की बदलतं. त्याचा तुम्हाला येणारा राग मला ठाऊक आहे.

बाबा, खरं तर मला याहून वेगळं लिहायचं होतं. इथून दोनेक तासांवर मॉयरा नावाची कौन्सिल आहे, शेतीचा भाग. सगळं राज्य मतदान करत होतं तेव्हा तिथे लिफाफे गेलेच नाहीत. २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, कारभार इतका बिघडलेला निघाला की राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून कौन्सिल बरखास्त केली. २०२८ पर्यंत तिथे प्रशासक आहेत. त्या भागातली एक मैत्रीण आहे माझी. पाच वर्षं आम्हाला नगरसेवक नाही, म्हणताना तिचा आवाज उतरतो. पण का नाही ते तिला माहीत आहे, किती दिवस नाही तेही माहीत आहे. अहवाल छापलेला आहे, तारीख ठरलेली आहे.

मी तिला आपलं सांगितलं. आमच्या नगरपालिकेची मुदत संपून तीन वर्षं होत आली. चौकशी नाही, कोणावर ठपका नाही. आरक्षण आणि प्रभागरचनेचं प्रकरण कोर्टात आहे, म्हणून निवडणूक नाही. महाराष्ट्रातल्या नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदा, बहुतेक सगळीकडे प्रशासक. तिने विचारलं, मग कधी होणार? मला उत्तर देता आलं नाही. गाडीत बसल्यावर मला फार वाईट वाटलं. तुम्ही पाण्याच्या पाइपलाइनसाठी केलेले तीन अर्ज आठवले. पूर्वी नगरसेवकाचं दार वाजवलं की निदान शिव्या घालायला माणूस समोर असायचा. आता मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसायचं, आणि ते मीटिंगला गेलेत असं ऐकून उन्हातून परत यायचं. सत्तरीत हे तुम्ही का करावं? माझं तिथे आता मतही नाही, म्हणून हे लिहायचा हक्क मला आहे का, असं दोनदा वाटलं. पण त्या घराच्या नळाला पाणी माझ्याच आईबाबांना लागतं.

बुधवारी विधानसभेचं मतदान आहे. हे पत्र पोचेपर्यंत निकालही लागलेला असेल. जो कोणी आमदार होईल तो सत्काराला चौकात येईल, तेव्हा तुम्ही आणि कट्ट्यावरच्या काकांनी त्याला एकच विचारा: नगरपालिकेची निवडणूक कधी? बाकी काही मागू नका. तुमच्या सुवाच्य अक्षरात निवेदन लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पोच घ्यायला विसरू नका. मतदारयादीत आईचं नाव मागच्या वेळी चुकलं होतं, ते दुरुस्त झालंय का तेही बघा.

आई, तुझा गुडघा कसा आहे? मतदानाला रिक्षा कर, चालत जाऊ नकोस. सान्वीला तुझा आवाज आता ओळखू येतो, फोन वाजला की 'आजी' म्हणते. मतपत्रिकेबरोबर आलेलं उमेदवारांचं पत्रक मी या लिफाफ्यात घातलंय. बाबा, इंग्रजी सोपं आहे, वाचा, आणि तुम्ही एक नंबर कोणाला दिला असता ते मला कळवा. मी कोणाला दिला ते नंतर सांगते.

तुमची,
वैशू