जाम झालेला सेन्सर आणि नापास पीयूसी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी २०११ सालची पेट्रोल गाडी गेल्या महिन्यात पीयूसीला नापास झाली आणि त्या निमित्ताने, एक जाम झालेला सुटा भाग काढायचा कंटाळा केला की त्याची किंमत गाडीमालक आणि शहराची हवा दोघेही कशी मोजतात, हे मला जवळून पाहायला मिळाले. माझी सारी नोकरी टूलरूममध्ये झाली असल्यामुळे जाम आट्यांशी माझी जुनी ओळख आहे. ज्यांची ती नाही, अशा वाचकांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पुण्यात एप्रिल २०१० पासून नोंदवलेल्या पेट्रोल मोटारी भारत स्टेज ४ किंवा त्यापुढच्या प्रदूषण निकषांतल्या आहेत. स्टेज ४ च्या गाडीच्या धुरात इंजिन संथ चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर नेले असता लॅम्डा हा हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा (बरोबर प्रमाणाला १, पेट्रोल जास्त असेल तर त्याहून कमी) ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान यावा लागतो. माझ्या गाडीचा मोनॉक्साइड १.४ आणि लॅम्डा ०.९६ आला. केंद्रावरच्या मुलाने "ट्यूनिंग करून आणा काका" एवढेच सांगितले. वास्तविक हवेपेक्षा पेट्रोल जास्त जात आहे, हे त्या दोन आकड्यांत स्पष्ट दिसत होते. पण ते आकडे ग्राहकाला समजावून सांगण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळले जाते की नाही, याची खबर सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनाजवळ बसवलेला ऑक्सिजन सेन्सर इंजिनाच्या संगणकाला देत असतो. पेट्रोल जास्त झाले की तो ०.९ व्होल्टच्या आसपास आणि हवा जास्त झाली की ०.१ च्या आसपास विद्युतदाब दाखवतो. त्याचे टोक सुमारे ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय तो नीट बोलत नाही, म्हणून आत एक छोटा हीटर असतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून तर या सेन्सरचे काम वाढले आहे, कारण इथेनॉलला हवा कमी लागते आणि मिश्रण त्यानुसार जुळवून घ्यायला संगणकाजवळ दुसरा साक्षीदार नाही.

ज्या गॅरेजात गाडी नेली तिथे स्कॅनरवर पी ०१३५ हा कोड आला. याचा अर्थ पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष आहे, सेन्सरच गेला आहे असा नव्हे. फ्यूज उडाला किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेले तरी हाच कोड येतो. ते काही न तपासता मिस्त्रीने उघड्या तोंडाचा पाना लावून जोर केला. सेन्सर हलला नाही, मात्र त्याच्या षट्कोनाचे कोपरे गोल झाले. मग माझ्यापुढे दोन पर्याय ठेवण्यात आले : एक, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागासह) अख्खा पाइप नवा घालायचा, ज्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट होती; किंवा दोन, सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवायचा आणि डॅशबोर्डवरचा, इंजिनातल्या दोषाचा दिवा "बंद करून" घ्यायचा. "सगळे तेच करतात," असेही वर ऐकवण्यात आले.

माझा आक्षेप मुख्यतः या दुसऱ्या पर्यायाला आहे. सेन्सरची खबर थांबली की संगणक ठरावीक अंदाजाने पेट्रोल सोडतो आणि तो अंदाज बहुतेक वेळा सढळ हाताचा असतो. मायलेज घसरते, हा त्यातला लहान तोटा झाला. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते, आतली जाळीदार चिनी माती प्रमाणाबाहेर तापून वितळते, आणि जो मोठा खर्च टाळला असे वाटले होते तोच वर्षा-दोन वर्षांत दारात येऊन उभा राहतो.

मी गाडी घरी आणली, फ्यूज पाहिला आणि सेन्सरच्या एकाच रंगाच्या दोन तारांवर मीटर लावला. या तारा हीटरच्या असतात आणि त्यांच्यामध्ये काही ओहम रोध दिसायला हवा. मीटर ढिम्म हलला नाही. हीटरची तार आतून तुटली होती, म्हणजे सेन्सर बदलणे भाग होते. नाना पेठेतून नवा आणला आणि आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची धायरीला वेल्डिंगची शेड आहे, तिथे गाडी नेली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेट्रोलच्या नळीपासून हातभर अंतरावर ज्योत पेटवण्याचे धाडस कोणी करू नये.

जुना सेन्सर टाकायचाच होता, त्यामुळे त्याची वायर आम्ही मुळाशी कापली. वायर शाबूत ठेवायची तर एका बाजूने फटीची गोटी (सॉकेट पाना) वापरावी लागते आणि ती जोर पडला की फाकते. वायर कापल्यावर २२ मिलिमीटरची सहा कोपऱ्यांची खोल गोटी, कोपरे झिजलेल्या त्या सेन्सरवर हातोडीने ठोकून घट्ट बसवता आली. आदल्या संध्याकाळी, पाइप कोमट असताना, आट्यांच्या कडेला गंज सोडवणारे तेल दोन-तीनदा सोडून ठेवले होते. सकाळी ते नीट पुसून काढल्यावरच ज्योत पेटवली. लोक इथेच चुकतात. ज्योत सेन्सरवर नव्हे, तर तो ज्यात बसतो त्या पाइपावरच्या वेल्ड केलेल्या बोळ्यावर (आतून आटे असलेल्या कड्यावर), चोहोबाजूंनी फिरवत धरायची असते. बाहेरचे लोखंड फुगते, आतला सेन्सर तुलनेने थंड राहतो आणि आट्यांची पकड सुटते. बोळा मंद लाल झाला तेव्हा पान्याला आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित झटका दिला आणि मग उलटा. "कट्" असा बारीक आवाज आला. जाम नट-बोल्टांबरोबर ज्याने आयुष्य काढले आहे, त्याला त्या आवाजाचे मोल सांगायला नको. तरी पुढे घाई केली नाही. पाव फेरा सैल, थोडा मागे, पुन्हा पाव फेरा, असे करत सेन्सर बाहेर आला. आट्यांत चहापत्तीसारखा गंज भरला होता आणि टोक काजळीने काळे झाले होते.

बोळ्यातल्या आट्यांतून १८ बाय १.५ मिलिमीटरचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून गंज साफ केला. आटे गेलेच असते तर बोळा कापून दुसरा वेल्ड करता आला असता, तरीही अख्खा पाइप बदलण्याची वेळ आली नसती. नव्या सेन्सरच्या आट्यांना कारखान्यातूनच उष्णता सोसणारी पेस्ट लावलेली होती. नसल्यास सेन्सरला चालणारी निकेलची पेस्ट फक्त आट्यांना लावावी, टोकाला तिचा स्पर्शही होऊ नये. साधे ग्रीस जळून जाते आणि सिलिकॉनच्या सीलंटची वाफ या सेन्सरला विषासारखी असते. सुरुवातीचे पाच-सहा फेरे हाताने फिरवून मगच पाना लावला आणि वायर तापलेल्या पाइपापासून दूर बांधली. कोड पुसून, गाडी सिंहगड रस्त्याने फिरवून आणल्यावर पुन्हा पीयूसी केली, तेव्हा मोनॉक्साइड ०.१ आणि लॅम्डा १.०० आला.

वाहनांच्या चाचण्या घेणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था ज्या शहराच्या टेकडीवर आहे, त्या शहरात सेन्सर निघत नाही म्हणून तो निकामी करून ठेवणे हा उपाय समजला जावा, याचे मला वाईट वाटते. यात मिस्त्रींचा सगळा दोष आहे असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात तापलेल्या पाइपावर उडणारे पाणी आणि चार-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांमुळे आत साचणारा ओलावा यांमुळे हे आटे हमखास धरतात. ते सोडवायला अर्धा दिवस मोडतो आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायला आपण गाडीमालक कुरकुरतो. तेव्हा मजुरी आधी ठरवून द्यावी, पण भाग बदलण्यापूर्वी कोड व मीटरवरचा आकडा दाखवण्याचा आणि काढलेला जुना भाग हातात देण्याचा आग्रह धरावा. परिवहन विभागाने पीयूसी केंद्रांना नापास गाडीच्या आकड्यांचा अर्थ मराठीत छापून देण्यास सांगावे. औंधच्या आयटीआयसारख्या संस्थांनी मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांकडून असा एक तरी जाम सेन्सर प्रत्यक्ष सोडवून घ्यावा. सरावासाठी एखाद्या संस्थेला हवा असेल तर माझा जुना सेन्सर, त्याच्या गोल झालेल्या कोपऱ्यांसह, मी जपून ठेवला आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे ३८