मूर्तीच्या तळाची मोडी चिठ्ठी नाहीशी केल्याबद्दल आणि चुकीच्या अहवालाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या देवघरातील दोन फुटी लाकडी विष्णुमूर्ती कोणी, कोठे आणि केव्हा घडवली याचा शोध घेण्यासाठी मी ती 14 फेब्रुवारीला आपल्या नागपूर शाखेत सोपवली आणि 18,500 रुपये भरले. अहवाल मिळाला, मूर्ती परत आली, परंतु तिच्या तळाला चिकटवलेली मोडी लिपीतील चिठ्ठी परत आली नाही. तळ घासून स्वच्छ केलेला होता आणि त्याला थिनरचा वास येत होता. चिठ्ठीच्या जागी आता पोस्टकार्डाहून थोडा लहान असा फिकट चौकोन तेवढा उरला आहे.

मूर्ती घेताना आपल्या कर्मचाऱ्याने पावतीवर स्वतःच्या हाताने ‘तळाशी कागद चिकटवलेला’ अशी नोंद केली आहे. ती पावती माझ्याजवळ आहे. अहवालाच्या नऊ पानांत मात्र या कागदाचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

त्या चिठ्ठीचा मोबाइलवर काढलेला एकच फोटो माझ्याकडे आहे. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी त्यावरून वरच्या ओळीतील ‘श्री’, दुसऱ्या ओळीतील ‘शके 177’ आणि तिसऱ्या ओळीच्या आरंभीचे ‘कसबे पव’ एवढे लावून दिले. शकाचा शेवटचा आकडा फाटलेला होता, म्हणजे काळ साधारण 1848 ते 1858 यांच्या दरम्यानचा, ज्या दशकात नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले. ‘पव’ म्हणजे वैनगंगेकाठची पवनी असावी, असे मला वाटते, कारण मूर्ती भंडाऱ्याकडून आली असे माझ्या आजेसासूबाई सांगत. चिठ्ठीवरचे वर्ष मूर्ती घडवल्याचे असेलच असे नाही, ते ती विकत घेतल्याचे किंवा दान दिल्याचेही असू शकेल, हे मलाही कळते. परंतु तिसऱ्या ओळीत पुढे ‘सुतार’ असा शब्द दिसतो आणि त्यानंतरचे नाव फोटोत सावलीखाली गेले आहे. ते नाव मूळ कागदावरच वाचता आले असते. तो कागद आपल्या ताब्यात होता.

आता अहवालाविषयी. मूर्ती ‘केरळ, 1740’ अशी नोंदवली आहे आणि आधार म्हणून कार्बन-14 चाचणी दाखवली आहे. ही चाचणी लाकूड झाडात कधी वाढले ते सांगते, त्यावर छिन्नी कधी चालली ते सांगत नाही. शिवाय सुमारे 1650 नंतरच्या लाकडासाठी तिच्यातून एक नेमके वर्ष निघत नाही, एकमेकांपासून दूर असलेले अनेक कालखंड निघतात. लाकूड ‘शिसवी’ म्हटले आहे, पण तळाच्या आडव्या कापावर भिंग धरले की मोठी छिद्रे वाढीच्या वलयांवर रांगेने बसलेली दिसतात. ही सागाची खूण आहे, शिसवीत ती विखुरलेली असतात. साग केरळातही होतो आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतही होतो, त्यामुळे नुसत्या लाकडावरून गाव ठरत नाही, हे मान्य आहे. म्हणूनच तर ती चिठ्ठी महत्त्वाची होती. उजव्या खालच्या हातात पद्म, वरच्या हातात शंख, डाव्या वरच्या हातात चक्र आणि खालच्या हातात गदा असा क्रम असताना हे विष्णूच्या चोवीस रूपांपैकी केशवाचे रूप आहे, एवढेही न लिहिता ‘चतुर्भुज देवता’ म्हणून सोडून दिले आहे. आणि ‘मालकीचा पूर्वेतिहास’ या रकान्यात ‘खासगी संग्रह, नागपूर’ असे आहे, म्हणजे मी दिलेला पत्ता मलाच परत दिला आहे.

मंगळवारी मी आपल्या ग्राहक क्रमांकावर पुन्हा फोन केला. चाळीस मिनिटांत तीन वेळा फोन पुढे सरकवला गेला. शेवटी बोलणाऱ्या गृहस्थांनी सांगितले, “मॅडम, तो फाटका कागद होता, मूर्ती आम्ही स्वच्छ करूनच देतो.” त्यावर मोडीत मजकूर होता, असे मी म्हटले तेव्हा त्यांनी विचारले, “मोडी म्हणजे?” मी सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मॅडम, मूर्ती देवाचीच आहे ना? मग पूजेला ठेवा. कोणी बनवली याने देवाला काय फरक पडतो?” मला पुढे बोलवेना. देवाला फरक पडत नाही, हे मला ठाऊक आहे. फरक ज्या सुताराचे नाव त्या कागदावर होते त्याला पडतो, आणि ते शोधून देण्याचे पैसे आपण घेतले होते.

तामिळनाडूतील श्रीपुरंथानच्या देवळातून चोरीला गेलेल्या नटराजासाठी ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय कलादालनाने सुमारे 50 लाख अमेरिकी डॉलर मोजले, त्याची कागदपत्रे खोटी निघाली, आणि मूर्ती देवळात असतानाची जुनी छायाचित्रे पुद्दुचेरीतील फ्रेंच संस्थेत सापडल्यामुळे ती 2014 मध्ये भारतात परतली. एका जुन्या कागदाची किंमत काय असते, हे या व्यवसायातील माणसांना मी सांगावे लागते याचे मला फार वाईट वाटते. आपले नाव ऐकून मी घरच्यांचा विरोध पत्करून मूर्ती बाहेर काढली होती.

माझ्या मागण्या अशा. चिठ्ठीचा जो काही तुकडा उरला असेल तो परत द्यावा. ती कोणी, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या सांगण्यावरून काढली हे लेखी कळवावे. मूर्ती घेताना आपल्या शाखेत तळाचे जे फोटो काढले गेले ते मूळ आकारात पाठवावेत, कारण त्यात तिसरी ओळ स्पष्ट आली असण्याची शक्यता आहे. हा अहवाल रद्द करून संपूर्ण शुल्क परत करावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन, आणि त्यासोबत आपलीच पावती जोडीन.

तुकडा सापडल्यास तो कुरिअरने पाठवू नये, घडी घालू नये, त्याला चिकटपट्टी लावू नये. मला फोन करावा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपली ग्राहक,
महाल, नागपूर

सोबत : पावतीची प्रत, चिठ्ठीचा फोटो, तळाचे आताचे दोन फोटो