काका, आमचं ऑफिस चालू राहिलं ते तुमच्यामुळे

आदरणीय काका,

सा. न.

हे पत्र तुमच्या घरी आणून देता आलं असतं. पण मरोळ, साकीनाका, भांडुपच्या गाळ्यांमध्ये आमच्यासारख्या वीस-पंचवीस माणसांच्या कितीतरी कंपन्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी अख्खं नेटवर्क एकाच मुलाच्या डोक्यात असतं. तो मुलगा नाराज होऊन निघाला तर काय करायचं, हे तुम्ही आम्हाला दाखवलंत. ते त्यांच्याही कानावर जावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

तुम्ही आलात त्या दिवशी शेठ तापलेले होते. आमचा सिस्टिमवाला मुलगा पासवर्ड मागितला की 'बघतो' म्हणायचा, फोन उचलायचा नाही. 'आत्ताच्या आत्ता घरी पाठवतो, नाहीतर पोलिसात देतो,' असं शेठचं चाललं होतं. तुम्ही त्यांचं सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पाच लाखांपर्यंत दंड आहे, पण त्याने अजून काही केलेलंच नाही. आणि उद्या केलं तरी केस चालेपर्यंत तुमचा डेटा परत येणार नाही. मग तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोचा किस्सा सांगितलात. २००८ साली तिथल्या शहर प्रशासनातल्या टेरी चाइल्ड्स या नेटवर्क इंजिनिअरने पासवर्ड द्यायला नकार दिला. अटक झाली तरी दिले नाहीत. शेवटी महापौर स्वतः तुरुंगात भेटायला गेले तेव्हा त्यांना दिले. 'एवढ्या मोठ्या शहराची ही गत झाली,' इतकंच तुम्ही म्हणालात. शेठ खुर्चीत बसले, चहा मागवला, आणि तिथून काम सुरू झालं.

मला वाटलं होतं, तुम्ही आधी सर्व्हर बघाल. तुम्ही विचारलंत, 'डोमेन कोणाच्या खात्यात आहे?' डोमेन म्हणजे कंपनीच्या वेबसाइटचं आणि ईमेलचं इंटरनेटवरचं नाव; ते त्या मुलाच्या स्वतःच्या जीमेलवर होतं. सर्व्हर आपल्या गाळ्यात आहे, पासवर्ड गेला तरी मशीन आपल्या हातात राहतं. डोमेन मात्र ज्याच्या खात्यात त्याच्या ताब्यात. ते गेलं की कंपनीचे ईमेल गेले, आणि त्या ईमेलवर ज्या ज्या खात्यांचे पासवर्ड बदलून मिळतात ती सगळी खातीही गेली. तो नोकरीत आहे तोवर, भांडण न करता, सरळ सांगून ते कंपनीच्या नावावर करून घ्या, असं तुम्ही म्हणालात. शेठनी सांगितलं आणि त्याने ते करूनही दिलं. आम्ही त्याला नुसते घाबरलो होतो, नीट विचारलं कोणीच नव्हतं.

बॅकअपच्या बाबतीत तुम्ही कोणाच्या शब्दावर विसंबला नाहीत. न्यू जर्सीतल्या ओमेगा इंजिनिअरिंगमध्ये १९९६ साली नोकरीवरून काढलेल्या माणसाने पेरून ठेवलेल्या प्रोग्रॅमने तो गेल्यावर तीन आठवड्यांनी सर्व्हरवरच्या फाइली पुसल्या, आणि बॅकअपही हाताशी नव्हता, हे तुम्ही सांगितलंत. मग दोन हार्ड डिस्क मागवल्यात. एक शेठच्या घरी गेली, दुसरीवरचा डेटा तुम्ही माझ्यासमोर एका कोऱ्या लॅपटॉपवर चढवलात आणि म्हणालात, 'आता टॅली उघड आणि ३१ मार्चचा ट्रायल बॅलन्स छापील प्रतीशी ताडून बघ.' मी एकेक लेजर जुळवत गेले. शेवटची बेरीज जुळली तेव्हा कित्येक दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला. बॅकअप 'झालाय' आणि बॅकअप 'उघडतो' यातला फरक हिशेब ठेवणाऱ्या बाईला याहून चांगला कोणी समजावला नसता.

आणि ती तुमची फुलस्केप वही! राउटर, वायफाय, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं मशीन, इंटरनेटवाल्याचं लॉगिन, सगळं एकाखाली एक. 'स्कॅन' नावाच्या एका खात्याला अ‍ॅडमिनचे पूर्ण अधिकार होते आणि रात्रीचा बॅकअपही त्याच्यावरच चालत होता. सरसकट पासवर्ड बदलले असते तर बॅकअप गुपचूप बंद पडला असता आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. रिसेप्शनच्या टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर एनीडेस्क, म्हणजे दुसरीकडे बसून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, सापडलं तेव्हा शेठ पुन्हा भडकले. तुम्ही लॉग उघडून वेळा दाखवल्यात: रात्री साडेअकरा, पहाटे पाच, रविवार. पोरगा बदलापूरला बसून आमचं काम करत होता. त्याची नाराजी कशातून आली, ते शेठनी त्या दिवशी पाहिलं.

शेवटच्या दिवशी तो केबिनमध्ये शेठशी बोलत होता आणि बाहेर तुम्ही वहीतली एकेक ओळ खोडत पासवर्ड बदलत होता. त्याला तसं आधीच सांगितलेलं होतं, हे मला फार आवडलं. केबिनमधून तो बाहेर आला तेव्हा पूर्ण हिशेबाचा चेक, ग्रॅच्युइटी आणि अनुभवाचा दाखला त्याच्या हातात होता. पाच वर्षं पुरी झालेल्या माणसाला ग्रॅच्युइटी मागायला लावू नका, असं तुम्ही मला आदल्याच आठवड्यात बजावलं होतं. पुढे हजेरीचं मशीन अडलं तेव्हा त्याने फोनवर नव्या मुलाला सगळं समजावून सांगितलं.

आता मुख्य पासवर्डांचं सीलबंद पाकीट तिजोरीत असतं, आणि नव्या मुलासोबत आमच्या डिस्पॅचच्या ताईही सिस्टिमचं काम शिकताहेत.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. शेठना ते अजून पटलेलं नाही. या रविवारी ते आणि मी मुलुंडला तुमच्याकडे येतोय, काकूंना सांगून ठेवा.

तुमची,
हिशेबवाली