छाटणी महिना बघून नाही, काडी बघून करा

मा. संपादक, स.न.वि.वि.

पाऊस सरला की ऑक्टोबरात गुलाब छाटायचे हे आपल्या नाशिककरांच्या हातात बसलेलं आहे आणि इथे ते बरोबरच आहे, पण आजकाल आमच्यासारखे बरेच आईवडील सहा-सहा महिने परदेशात मुलांकडे राहतात आणि तिथल्या बागेतही हीच सवय चालवतात, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी लेकीकडे टोरांटोला होते, तिच्या दाराशी लायलॅक हे वसंतात फुलणारं झुडूप आहे, तो मी कात्री घेऊन वरून सगळा एका रेषेत छाटला. काड्यांच्या शेंड्याला जोडीजोडीने टपोरे हिरवे डोळे, म्हणजे न उमललेले कोंब होते, ते मी बघितले पण मला वाटलं पानांचे असतील. मे महिन्यात लेकीने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, शेजारी जांभळे घोस लगडलेले आणि हिच्याकडे नुसती पानं. फार वाईट वाटलं हो.

निफाडला माझ्या भावाची द्राक्षबाग आहे, त्याने लगेच ओळखलं. म्हणाला, ताई, आपला घड एप्रिल छाटणीनंतरच काडीत तयार होतो म्हणून तर ऑक्टोबरला आम्ही डोळे मोजून छाटतो, तू तर डोळेच काढून टाकलेस! अगदी तसंच आहे. लायलॅक, फोर्सिथिया, अझेलिया ही वसंतात फुलणारी झाडं पुढच्या वर्षीची कळी आदल्या उन्हाळ्यातच त्या वर्षीच्या काडीवर धरतात, म्हणजे फुलताना ती काडी जुनी झालेली असते, त्यामुळे फुलं संपली की दोन-तीन आठवड्यांत छाटायची, नंतर हात लावायचा नाही. उन्हाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्यांचं उलटं, ती नव्या फुटीवर फुलतात, म्हणून थंडी सरताना, फूट निघायच्या आत छाटायची. हायड्रेंजियात तर दोन्ही प्रकार आहेत, गोल निळ्या-गुलाबी गेंदाचा जुन्या काडीवर आणि लांबट पांढऱ्या तुऱ्याचा नवीन फुटीवर, तेव्हा आधी जात ओळखा. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तिकडे जोरात छाटलं तर कोवळी फूट येते आणि पहिल्याच कडाक्यात जळते. वाळकी, मोडकी फांदी मात्र कधीही काढा.

तुमच्या बागेच्या पानावर नुसता महिना न देता फूल जुन्या काडीवर येतं की नव्या, एवढं प्रत्येक झाडापुढे छापा ही कळकळीची विनंती. लेकीच्या लायलॅकला यंदा पाच-सहा घोस आलेत, ते सुकले तसे तिने लगेच काढले, बाकी काडीला कात्री लावलेली नाही.

एक वाचक, इंदिरानगर, नाशिक